40 किलोची तलवार आणि आमचा गदा

आम्ही सात जण. कोणी भांडुपचा, कोणी लालबागचा, दोघे डोंबिवलीचे. ओळख झाली ती जुन्या शस्त्रांच्या फोटोंखाली वाद घालताना, आणि आजही एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारणं कमीच. एक जण 'बिचवा', कारण त्याचं बोलणं वाकडं आणि टोकदार. एक 'ढाल', दोघं भांडायला लागले की हा मध्ये उभा. मी 'विटा', म्हणजे दोरी बांधलेला भाला. रात्री अकरानंतर आमची लढाई सुरू होते: पट्टेवाला समोर आला तर भालेवाल्यानं मागं सरायचं की आत घुसायचं, कट्यार आधी की तलवार आधी. "तू समोर ये, तुला गोफणीनंच पाडतो." "आधी दादरचा पूल धापा न टाकता चढून दाखव." असं चालतं.

परवा 'गदा'नं एक मेसेज टाकला. तो तुमच्याकडेही आला असेल, कारण माझ्याकडे मामांकडून, ऑफिसातून आणि सोसायटीतूनही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या पूर्वजांच्या तलवारी 40 किलोच्या होत्या. माणसं सात फुटी होती. हंबीरराव मोहित्यांनी सहा तासांत 600 शत्रू कापले. असं पोलाद बाहेरच्या कुणाला जमलंच नाही. भवानी तलवार ब्रिटिश म्युझियममध्ये पडून आहे, महाराजांची वाघनखं मात्र आता परत मिळाली. आणि शेवटी, खरा मराठा असशील तर दहा जणांना पाठव.

गदा, तू हे प्रेमानं पाठवलंस, ते मला ठाऊक आहे. माझंही प्रेम त्याच गोष्टींवर आहे. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

"तलवारी 40 किलोच्या होत्या."

लालबागच्या ज्या तालमीत मी मर्दानी खेळ शिकलो, तिथं वस्तादांच्या घराण्यातली एक जुनी तलवार आहे. खंडेनवमीला ती बाहेर निघते, तेल लागतं, हळद-कुंकू होतं. एका वर्षी पूजेआधी आम्ही पोरांनी हट्ट धरला आणि शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ती ठेवली. मुठीसकट, म्यानाशिवाय, 1 किलो 60 ग्रॅम. वस्तादांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. नवल आम्हाला वाटलं, कारण आम्हीही लहानपणापासून 40 किलोच ऐकत आलो होतो.

एका हातानं चालवायच्या तलवारी साधारण एक ते दीड किलोच्याच असतात. युरोपात दोन हातांनी चालवायच्या लांबलचक तलवारी होत्या, त्याही बहुतेक दोन-तीन किलोंच्या. क्रिकेटची बॅट सव्वा किलोच्या आसपास असते. शिवाजी पार्कवर तासभर बॅट फिरवणाऱ्याला विचारा, खांदा काय म्हणतो ते.

आता हिशेब करू. पोलादाचा एक घन सेंटिमीटर तुकडा सुमारे 7.85 ग्रॅमचा. पातं धरू 90 सेंटिमीटर लांब, 4 सेंटिमीटर रुंद, 5 मिलिमीटर जाड. एवढ्या सरळ पट्टीचं वजन 1.4 किलो भरतं, आणि पातं टोकाकडे व धारेकडे निमुळतं होत जातं म्हणून खरं वजन त्याहून कमीच. याच लांबी-रुंदीत 40 किलो बसवायचे असतील तर जाडी 14 सेंटिमीटर करावी लागेल. रुंदी चार आणि जाडी चौदा! अशा वस्तूला धार कुठे लावणार आणि म्यान कसलं करणार? आपली लोकल ज्या रुळांवरून धावते त्यांचं उदाहरण घे. मुख्य मार्गांवर आता एका मीटरला 60 किलोचा रूळ असतो. म्हणजे 40 किलो म्हणजे त्या रुळाचा जेमतेम सव्वादोन फुटांचा तुकडा. घरचा भरलेला गॅस सिलिंडर साधारण 30 किलोचा. तो खांद्यावर घेऊन जिने चढणाऱ्या माणसाला मी मनापासून मान देतो. पण त्यानं तो एका हातात धरून हवेत फिरवावा, असं कोणी म्हणणार नाही.

मग हा 40चा आकडा आला कुठून? मला वाटतं त्याचं एक उत्तर जेजुरीत आहे. खंडोबाच्या गडावर सुमारे 42 किलोचा खंडा, म्हणजे मोठी तलवार, आहे, खराखुरा. पानसे सरदारांनी तो देवाला अर्पण केला, असं सांगतात. दसऱ्याच्या उत्सवात तो उचलायची स्पर्धा लागते. एका हातानं खंडा ताणून धरणारे, दातांनी उचलणारे गडी तिथं दिसतात आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण तो खंडा देवाचा आहे. तो पेलून दाखवणं ही ताकदीची आणि भक्तीची कसोटी आहे. घोड्यावर बसून त्यानं वार करावा, हा त्याच्या घडणीचा हेतूच नाही. आपण देवाची वस्तू पाहिली आणि शिपायाच्या हातात दिली, तिथं चूक झाली.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. वजन वाढवून आपण पूर्वजांचा मान वाढवत नाही, त्यांची विद्या पुसून टाकतो. दांडपट्टा घे. पातं लांब, सरळ, लवचिक, मूठ पोलादी खोबणीच्या आत आणि त्या खोबणीत कोपरापर्यंतचा हात झाकलेला. त्यामुळे मनगट वळतच नाही. वार निघतो तो खांद्यातून, कमरेतून, पायांच्या पवित्र्यातून. अख्खं अंग फिरतं तेव्हा पातं फिरतं. वस्ताद जमिनीवर लिंबू ठेवतात, गिरकी घेत येतात, लिंबाचे दोन भाग होतात आणि पातं जमिनीला लागत नाही. हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं काम आहे, आणि ते होतं कारण शस्त्र हलकं आहे, हवं तिथं थांबवता येतं. माझं टोपणनाव ज्यावरून पडलं तो विटाही तसाच. भाला फेकायचा आणि मनगटाला बांधलेल्या दोरीनं क्षणात परत ओढून घ्यायचा. 40 किलोचा विटा फेकला तर दोरीमागून हातही जाईल.

आणि घोडा? मराठी फौजेची सारी मदार वेगावर. दख्खनची चपळ, चिवट, लहान चणीची घोडी, पाठीवर थोडकं सामान, एका रात्रीत लांबचा पल्ला. बारगीर असो, सरकारी घोड्यावरचा, किंवा शिलेदार, स्वतःच्या घोड्याचा आणि हत्याराचा, दोघांनाही अंगावर कमी ओझं हवं. गनिमी कावा हलकेपणावरच उभा होता. शत्रूची छावणी जड होती, हत्ती, तोफा, बाजारबुणगे घेऊन सरकणारी. मेसेज आपल्याला नेमकं शत्रूसारखं जड करून टाकतो.

"माणसं सात फुटी होती."

जुन्या तलवारींच्या मुठी पाहिल्यास? आजच्या माणसाचा पंजा त्यात कसाबसा मावतो. मूठ घट्ट बसावी म्हणूनच ती तशी असते, खालची गोल चकती मनगटाला अडते आणि हात सरकत नाही. सात फुटी माणसाचा पंजा त्यात शिरायचाच नाही. खुद्द महाराजांबद्दल सुरतेचा इंग्रज पाद्री एस्कॅलिऑट यानं 1664 साली पत्रात लिहिलं आहे. ज्यांनी महाराजांना पाहिलं त्यांच्या सांगण्यावरून तो त्यांचं वर्णन करतो: उंची बेताची, ताठ आणि रेखीव बांधा, नजर तीक्ष्ण. बेताच्या उंचीच्या त्या माणसानं आदिलशाहीला आणि मोगलांना झुंजवलं. मला यातच जास्त अभिमान वाटतो.

"हंबीररावांनी सहा तासांत 600 कापले."

प्रतापगडावर भवानीच्या देवळात हंबीररावांची म्हणून एक तलवार दाखवतात. तिच्या पात्यावर सहा ठिपके आहेत, एकेक ठिपका शंभर शत्रूंचा, असं मेसेज म्हणतो. सहा तासांत 600 म्हणजे दर 36 सेकंदांना एक. श्वास घ्यायला, घोडा वळवायला, पाणी प्यायला एक क्षण नाही. आणि रणधुमाळीत मोजलं कुणी? पात्यावर ठिपके, चांदण्या जडवणं ही कारागिराची सजावट असू शकते. तिचा हिशेब शत्रूंच्या मुंडक्यांशी लावायला पुरावा हवा.

हंबीररावांना या आकड्याची गरजच नाही. मूळ नाव हंसाजी. 'हंबीरराव' हा किताब. त्यांच्याआधीचे सरनोबत प्रतापराव, मूळचे कुडतोजी गुजर, 1674च्या फेब्रुवारीत नेसरीला पडले आणि मग सेनापतिपद हंसाजींकडे आलं. आपण ग्रुपवर एकमेकांना शस्त्रांची नावं ठेवतो. त्या काळची नावं पाहा: प्रतापराव, हंबीरराव, आणि नेताजी पालकरांना लोक म्हणायचे 'प्रतिशिवाजी'. यातलं एकही नाव हत्याराच्या वजनावरून पडलेलं नाही. पराक्रमावरून पडलं, विश्वासावरून पडलं.

1680 साली महाराज गेले. रायगडावर हंबीररावांचा सख्खा भाचा, बहीण सोयराबाईंचा मुलगा राजाराम, याला गादीवर बसवलं होतं. हंबीररावांनी भाच्याची बाजू घेतली नाही, संभाजी महाराजांची घेतली. 1687च्या अखेरीस वाईजवळच्या लढाईत ते तोफेच्या गोळ्यानं पडले. इतका मोठा तलवारबहाद्दर आणि मरण आलं ते दारूगोळ्यानं. त्या काळची लढाई खरी कशी होती, ते यात दिसतं. बंदुका होत्या, तोफा होत्या, आणि त्यांच्यासमोर उघड्या छातीनं उभी राहणारी माणसं होती. भाच्याला सोडून धन्याशी इमान राखणारा माणूस सहा ठिपक्यांत मावत नाही रे.

"असं पोलाद बाहेरच्या कुणाला जमलंच नाही."

अर्धं खरं. दक्षिण हिंदुस्थानातलं पोलाद इराणपर्यंत जायचं आणि तिथं त्याच्या नामांकित तलवारी घडायच्या. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्याच काळात युरोपातली सरळ, लांब पाती जहाजांनी कोकण किनाऱ्यावर उतरत होती. आपले लोक त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवत. म्हणून तर त्या तलवारीला 'फिरंग' म्हणतात, नावातच उत्तर आहे. चांगली वस्तू कुठूनही घ्यावी आणि आपल्या हाताला जुळवून घ्यावी, हे शहाणपण त्यांच्यात होतं.

"भवानी तलवार ब्रिटिश म्युझियममध्ये आहे."

नाही. लंडनला जी तलवार आहे ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, आणि ती 'जगदंबा' म्हणून ओळखली जाते. 1875 साली युवराज एडवर्ड हिंदुस्थानात आला, मुंबईत उतरला. त्याच दौऱ्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून, ते तेव्हा बारा वर्षांचे होते, ती तलवार त्याच्याकडे गेली. बारा वर्षांच्या मुलाकडून आलेल्या त्या 'भेटी'ला भेट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या दौऱ्याची खूण मुंबईकर रोज उच्चारतात: काळा घोडा. तो घोडा याच एडवर्डच्या पुतळ्याचा. पुतळा 1965 साली तिथून हलला, आता भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात आहे, नाव मात्र जागेला चिकटलं. जगदंबेचं पातंही युरोपीय घडणीचं आहे, म्हणजे वर सांगितलेली फिरंगच. 'भवानी' म्हणून जी तलवार पूजली जाते ती साताऱ्याच्या छत्रपती घराण्याकडे आहे. 1980 साली मुख्यमंत्री अंतुले यांनी लंडनकडे भवानीची मागणी केली, तेव्हापासून भवानी आणि जगदंबा या दोघींचा गोंधळ जास्तच पक्का झाला. जगदंबा परत यावी, असं मलाही वाटतं. पण मागताना नाव तरी बरोबर घ्यावं.

"महाराजांची वाघनखं परत मिळाली."

जुलै 2024 मध्ये ती आली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. पण आली ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून तीन वर्षांच्या मुदतीनं. याला परत मिळणं म्हणत नाहीत. आणि 10 नोव्हेंबर 1659ला प्रतापगडाखाली वापरलेली ती हीच, असं ते संग्रहालय स्वतःही खात्रीनं सांगत नाही. आधार आहे तो डबीवरच्या मजकुराचा. 1818 नंतर साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफला ती मिळाली, असं तो मजकूर सांगतो. त्याच मजकुरात अफजलखानाला मोगल सरदार म्हटलं आहे! खान आदिलशहाचा. जो मजकूर एवढी मोठी चूक करतो, त्याच्या बाकीच्या शब्दांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. प्रसंग घडला हे पक्कं. सभासदाच्या बखरीत वाघनख आणि बिचवा दोन्ही आहेत. शंका आहे ती फक्त त्या डबीतल्या वस्तूबद्दल. ती जिथं ठेवली असतील तिथं जाऊन जरूर बघ, मीही जाणार आहे. खाली जी माहिती असेल तीही वाच.

राहिलं ते शेवटचं वाक्य, दहा जणांना पाठव. जिवा महालाचं नाव कुणी दहा जणांना पाठवलं नव्हतं. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण माणसांनी तोंडोतोंडी जपली.

गदा, या रविवारी लालबागला ये. वस्ताद सकाळी सातला तालीम उघडतात, मी त्यांना सांगून ठेवलंय. तीच 1 किलो 60 ग्रॅमची तलवार तुझ्या हातात देतील. हात खांद्याच्या रेषेत सरळ ठेवायचा आणि टोक हलू द्यायचं नाही. मी घड्याळ लावून समोर उभा राहीन.