पासवर्ड पत्त्यात? अजिबात नाही!

एफटीपी म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हरवर फाइली चढवायची जुनी पद्धत. ‘एफटीपी कायमचं बंद झालंय. आता पत्त्यात एफटीपीला एस जोडा, सगळं सुरक्षित. आयडी-पासवर्ड पत्त्यातच लिहा, सॉफ्टवेअर तो लॉक करतं. पासवर्डात @ ठेवू नका.’ प्रिंटिंगवाल्यांच्या ग्रुपांवर फिरणारा हा फॉरवर्ड माझ्या मावसभावाने इतका मनावर घेतला, की फ्लेक्सच्या फाइली चढवायच्या सर्व्हरचा पत्ता त्याने पासवर्डासकट दुकानाच्या ग्रुपवर टाकला!

बंद झाली ती फक्त ब्राउझरमधली सोय. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ती २०२१मध्ये काढली. फाइलझिला, विनएससीपी, कर्ल या फाइली चढवायच्या-उतरवायच्या सॉफ्टवेअरना एफटीपीचा पत्ता आजही कळतो.

एस कुठे जोडायचा, हेही फॉरवर्डवाल्याला ठाऊक नाही. मागे जोडला तर एफटीपीएस, म्हणजे तेच एफटीपी पण टीएलएसच्या, म्हणजे मजकूर गुप्त करून पाठवणाऱ्या तंत्राच्या, आवरणात. पुढे जोडला तर एसएफटीपी, ते एसएसएचवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या पद्धतीवर, चालणारं वेगळंच प्रकरण. सर्व्हरवर ती सोयच नसेल तर नुसत्या अक्षराने काय होणार?

आता तो ‘लॉक’. सॉफ्टवेअर ftp://आयडी:पासवर्ड@सर्व्हर असा पत्ता वाचतं, कोलन आणि @ यांच्यामधला मजकूर पासवर्ड म्हणून उचलतं आणि सर्व्हरला देतं. साध्या एफटीपीत तो उघड्या अक्षरांतच जातो, वाटेत कान लावून बसलेल्या कुणालाही वाचता येईल असा. एसएफटीपी वापरलंत तर वाट सुरक्षित होते, पण पत्ता नाही. तो चॅटमध्ये राहतो, कमांडच्या हिस्टरीत राहतो, कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमध्ये राहतो. वेब-पत्ते कसे लिहायचे हे ठरवणारं मानक म्हणजे आरएफसी ३९८६, २००५ सालचं. त्यातलं ३.२.१ हे कलम पत्त्यात पासवर्ड लिहिण्याची पद्धत मोडीत काढतं. पासवर्ड असा उघडा पाठवणं जवळजवळ प्रत्येक ठिकाणी धोक्याचंच ठरलंय, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे ज्याला जग वीस वर्षांपूर्वी नको म्हणालं, ते आपल्याकडे ‘टिप’ म्हणून फिरतंय. ज्यांनी असा पत्ता पाठवलाय त्यांनी नुसता मेसेज डिलीट करून भागणार नाही. आधी पासवर्ड बदला.

राहिला @. इथे फॉरवर्डवाल्याचं अर्धं बरोबर आहे, मान्य. पत्त्यात @ नंतर सर्व्हरचं नाव येतं, त्यामुळे पासवर्डात आणखी एक @ आला की सॉफ्टवेअर गोंधळू शकतं. त्यावर @ऐवजी त्याचा कोड %40 लिहायचा उपाय १९९४च्या आरएफसी १७३८पासून आहे. पण पासवर्ड पत्त्यात लिहायचाच नाही म्हटल्यावर त्याचीही गरज नाही. फाइलझिलाच्या पासवर्डच्या चौकटीत @ जसाच्या तसा टाइप करता येतो.