बँकॉकला जा, पण तीन हात नाका सोडू नका

विमान रात्री पाच कमी बाराचं असेल, तर ग्रुपने दुपारी चारलाच ठाण्याच्या तीन हात नाक्यावर जमावं. टूरवाले सांगतात तीन तास आधी या, म्हणजे नऊला. ठाण्याहून टी-टू, म्हणजे मुंबई विमानतळाचं टर्मिनल दोन, वीस-पंचवीस किलोमीटर. हिशेब तुम्हालाही येतो, मलाही येतो; पण हिशेब करणारा माणूस ग्रुपमध्ये खपत नाही. ‘जेव्हीएलआरचं काही सांगता येतं का?’ असं जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडबद्दल एकजण म्हणतो आणि बावीस माना डोलतात. पवईत आयआयटीच्या गेटासमोर ज्याने एकदा पाऊण तास काढलाय, त्याच्याशी वाद घालू नये.

आमच्यातल्या एका तरुणाने विचारलं, नवी मुंबईहून का नाही काढली तिकिटं? तिथल्या, उलव्याच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, विमानं २५ डिसेंबरपासून उडायला लागली, हे त्याला तारखांसकट पाठ. घोडबंदर रोडवाल्या काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, ‘उलव्याला कोण जाणार, तू?’ विषय संपला.

घरातून निघताना गॅस तीनदा बघा, नळ दोनदा बघा, आणि दुधाचं मात्र एकमेकांवर सोडा. नवऱ्याला वाटावं हिने सांगितलंय, बायकोला वाटावं ह्यांनी सांगितलंय. संसार याच विश्वासावर चालतो.

आता बॅग. वीस किलोची मुभा असते. त्यात कपडे चार किलो, उरलेले सोळा किलो ठाणे. भाजणी, मेतकूट, दोन प्रकारचे लाडू, चकल्या, पाण्यात भिजवून होणारे पोहे, आणि कुरडया. कुरडया तळायला बँकॉकच्या हॉटेलात कढई कोण देणार, असले प्रश्न विचारू नका. बॅग भरणाऱ्या बाईचा उत्साह जातो. वजन घरच्या काट्यावर करू नये, तो माणसांचंसुद्धा खरं सांगत नाही. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा लटकता काटा मागून आणावा. आमच्या सोसायटीत तो काटा आठवडाभर एखाद्या पाहुण्यासारखा या विंगमधून त्या विंगमध्ये जेवून-खाऊन फिरत होता. रद्दीवाल्याचा काटा किलोमागे जरा कमीच दाखवतो, हे सगळ्यांना माहीत असतं. आठवतं मात्र चेक-इनच्या काउंटरवर.

बाथरूममधला प्लॅस्टिकचा मग न्यायचाच. थायलंडमध्ये बहुतेक ठिकाणी आपल्यासारखाच जेट स्प्रे असतो, ही माहिती तुमच्याकडे असली तरी दाबून ठेवा. आमच्या बावीस जणांत चौदा मग होते. एक तर तांब्या होता, पितळी. सासूबाईंचा.

हातातल्या बॅगेत नेमक्या त्याच वस्तू घालाव्यात ज्या चालत नाहीत. द्रव पदार्थ १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाहीत. बाटलीत उरलंय किती याला किंमत नाही, बाटली केवढी आहे त्याला आहे. तेव्हा तळाशी चमचाभर खोबरेल राहिलेली अर्ध्या लिटरची बाटली न्यावी आणि ‘यात आहेच किती!’ या विषयावर सुरक्षेच्या जवानाशी मनमोकळी चर्चा करावी. मागे रांग वाढते. वाढू द्या, आपण चारपासून घराबाहेर आहोत.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी निघताना सगळ्यांच्या हातावर ठेवायला गूळ आणि सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या घेतल्या होत्या. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात त्याची गणना होते, म्हणून विमानात बंदी. जवानाने हे अगदी शांतपणे समजावलं. काकूंनी त्याहून शांतपणे सांगितलं, ‘अरे बाळा, चाळीस वर्षं डब्यात ठेवतेय, कधी पेटलं नाही.’ पोरगा हसला, पण खोबरं गेलं. गूळ राहिला. नुसता गूळ हातावर पडल्यावर प्रत्येकाने ‘खोबरं?’ असं विचारलं आणि काकूंनी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं. असं एकवीस वेळा.

पॉवर बँकेचं बरोबर उलट. ती हातातच ठेवायची, सामानात चालत नाही. काकांनी अर्थात ती मोठ्या बॅगेत, चौथ्या थरात, लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवली होती. (लोकरी मोजे. बँकॉकला. त्यावर मी काही बोलणार नाही.) बॅग उघडायला बोलावणं आलं तेव्हा काका आधी खूशच झाले, एवढ्या गर्दीत आपल्याला नावाने ओळखतात म्हणून.

विमानात शिरल्यावर आपापल्या जागी बसणं हे एकलकोंड्या माणसांचं लक्षण आहे. ग्रुपच्या जागा कंपनीने चौदाव्या रांगेपासून तेहतिसाव्या रांगेपर्यंत शिंपडलेल्या असतात. तिथून पुढे तासभर खो-खो. मेहुण्याने काकूंना खो द्यायचा, काकूंनी वहिनींना, वहिनींनी एका परक्या गृहस्थाला. तो बिचारा डोळ्यांवर पट्टी बांधून बसला होता. त्याला तीनदा उठवून, ‘फॅमिली आहे हो’ असं सांगून, शेवटी शौचालयाशेजारच्या मधल्या सीटवर पोचवला. सगळी फॅमिली जवळ आली आणि लगेच झोपली.

झोपली म्हणजे जेवण येईपर्यंत. जेवणाचं आधी कळवावं लागतं. यादीत ‘हिंदू मील’ दिसलं की डोळे झाकून त्यावर टिचकी मारा. त्यात गोमांस नसतं, एवढीच खात्री. कोंबडी, मटण, मासे काहीही निघू शकतं. आपल्याकडच्या शाकाहारी जेवणाचं तिथलं नाव ‘एशियन व्हेजिटेरियन’, पण त्या नावाला काही आपलेपणा नाही. गुरुवार पाळणाऱ्या दोघींनी अभिमानाने हिंदू मील सांगितलं होतं. रात्री सव्वाला फॉइल उघडलं तर आत कोंबडी. काका मागून म्हणाले, ‘बारा वाजून गेलेत, शुक्रवार लागला.’ बँकॉकच्या घड्याळात तर पावणेतीन झाले होते, म्हणजे शुक्रवार चांगला मुरला होता. तरी दोघींचं मन होईना. दोन्ही डबे शेवटी काकांकडे गेले, आणि अन्नाला नाही म्हणू नये, या तत्त्वावर त्यांनी ते संपवले.

जेवण अळणी लागेल. त्यात स्वयंपाक्याचा दोष थोडा आणि हवेचा जास्त. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. विमानाच्या आतली हवा त्याहूनही विरळ ठेवलेली असते, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी. शिवाय कोरडी. जीभ आणि नाक दोन्ही अर्धवट झोपतात. एरवी पायथ्याच्या बारी गावात गाडी लावून, गुडघ्यांना पट्टे बांधून, धापा टाकत जिथे जायचं, त्याच्या वर आपण खुर्चीत बसून पोचलेलो असतो. दडे बसलेले कान तेच सांगत असतात. चिवड्याचं पाकीटही या हवेत फुगून उशीएवढं होतं. ते डोक्याखाली घ्यावं की फोडावं, यावर दोन गट पडतात. फोडणाऱ्यांचा जिंकतो. मग ‘याला जरा चव नाही’ म्हणून लसणीच्या चटणीचा डबा उघडतो. हा सुरक्षेतून कसा सुटला, हे विचारू नका. अंधार केलेल्या विमानात, पहाटे अडीचला, लसणीचा वास सात रांगा पुढे गेला तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या त्या गृहस्थाने पट्टी वर करून मागे पाहिलं. तो मूळचा जळगावचा निघाला. त्याला दोन चमचे दिली.

साडेचार तासांचा प्रवास आहे. त्यात खो-खोचा एक तास, जेवणाचा एक, चिवड्याचा अर्धा, आणि उतरायच्या आधी तासभर शौचालयाची रांग. उरलेल्या एका तासात सलग झोप घ्यावी.

उतरल्यावर घड्याळ अजिबात बदलू नका. थायलंड आपल्या दीड तास पुढे आहे, तो त्यांचा प्रश्न. सहा वाजायला पाच कमी होते तेव्हा आम्ही उतरलो. ‘म्हणजे खरे किती?’ असं काकूंनी विचारलं, आणि खरे चार पंचवीस झाले होते. पुढचे पाच दिवस बसची वेळ सांगितली की ग्रुप आधी ती वेळ ठाण्यात नेई, तिथे तपासून बघे, आणि मग उशिरा येई.

१ मे २०२५ पासून थायलंडने येणाऱ्यांचं कार्ड ऑनलाइन केलंय. उतरण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं, सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. फुकट म्हटल्यावर आमच्या सेक्रेटरींना शंका आली. त्यांनी शोधून शोधून पैसे घेणारी दुसरीच साइट काढली, बावीस जणांचे पैसे भरले आणि पावतीची प्रत सोसायटीच्या फाइलला लावली. तुम्हीही तसंच करा. पुढच्या वार्षिक सभेत बोलायला काहीतरी हवं.

विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, २००६ सालचं. इथे समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, वासुकी, देव, दानव, सगळे रंगवलेले. त्याचा फोटो ग्रुपवर तीन महिने फिरत होता. ते निघणाऱ्यांच्या बाजूला, पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे आहे, हे आल्यावर कळलं. हळहळू नका. सामानाच्या पट्ट्याजवळ जा, मंथन चालूच असतं.

टूरवाल्यांनी सगळ्यांना एकाच निळ्या रंगाच्या बॅगा दिलेल्या. ओळखू यावी म्हणून प्रत्येकाने आपल्या बॅगेला लाल रिबीन बांधलेली. पट्टा फिरतोय, एका बाजूने वहिनी ओढतायत, दुसऱ्या बाजूने मेहुणे, आणि बॅग तिसऱ्याचीच. पुराणात अमृताच्या आधी हलाहल वर आलं. इथेही तोच क्रम. एका बॅगेच्या कोपऱ्यातून लोणच्याचं तेल झिरपून निळ्यावर पिवळा नकाशा तयार झाला होता. ती बॅग कुणाचीच नव्हती. बावीस जणांनी तिला तीन प्रदक्षिणा घालू दिल्या. शेवटी काकूंनी लांबूनच वास घेतला आणि म्हणाल्या, ‘कैरीचं आहे. मेथी जास्त झालीये.’ आणि मालकीण सापडली, कारण तिला राग आला.

माहितीपत्रकात पहिल्या दिवसासमोर ‘आगमन व आराम’ असं छापलेलं असतं. आराम कुठे, ते छापलेलं नसतं. हॉटेलच्या खोल्या दुपारी दोनला मिळतात, जगभर साधारण अशीच रीत आहे, आणि आपण सकाळी साडेसातला दारात उभे असतो. काउंटरवरची मुलगी हात जोडून ‘सवात्दी खा’ म्हणाली. हा शब्द मूळ आपल्या ‘स्वस्ति’वरून आलाय, असं मी हळूच सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘मग खोल्या लवकर द्यायला सांगा ना तिला, आपलीच आहे.’

तर लॉबीचा ताबा घ्या. पादत्राणं दाराशी एका ओळीत काढा. सोफे ज्येष्ठांना, खुर्च्या गुडघेवाल्यांना, उरलेल्यांनी बॅगांवर बसावं. थर्मास पुढे करून ‘हॉट वॉटर’ एवढंच म्हणा; ती मुलगी तीनदा भरून देते, चौथ्यांदा किटलीच आणून ठेवते. मग पोहे भिजतात, वर शेव पडते, लिंबू कुणाकडे तरी असतंच. पहिल्या सकाळचा नाश्ता पॅकेजमध्ये नसल्याचं दुःख अशा रीतीने वीस मिनिटांत संपतं. काकूंनी एक वाटी काउंटरवर नेऊन दिली. मुलीने दोन्ही हातांनी घेतली, खाल्ली, आणि मिरची लागल्यावरही अजिबात तोंड वाकडं केलं नाही. त्यांच्याकडेही मिरची भरपूर खातात, पण हे काकूंना कशाला सांगायचं.

काकांना कॉफी हवी होती, विकतची. पेला हातात यायच्या आत सगळ्यांनी मिळून गुणाकार केला. एक बाथ म्हणजे अडीच रुपयांच्या वरच. ज्यांनी शाळेत छड्या खाऊन अडीचकी पाठ केली, त्यांचं शिक्षण अखेर इथे कामी आलं. बिलावर साल होतं २५६९. तिथे बुद्धसंवत चालतो, इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे. काकांनी चष्मा वर करून ते साल पुन्हा वाचलं. ‘तरीच,’ म्हणाले, ‘हा भाव.’

साडेआठ वाजतात. तुमच्या न बदललेल्या घड्याळात बरोबर सात. डोळा नुकताच लागत असतो, मान बॅगेच्या हँडलवर टेकलेली, आणि फोन वाजतो. दूधवाला. ‘साहेब, दहा मिनिटं बेल मारतोय, कोण उघडत नाही. दोन पिशव्या आहेत.’ अशा वेळी बायकोकडे बघू नका. ती तुमच्याकडेच बघत असते. आवाज नीट करा आणि ठामपणे सांगा की समोरच्या ब्लॉकमध्ये द्या, आम्ही जरा बाहेर आहोत.

समोरच्या ब्लॉकमधले समोरच्याच सोफ्यावर, तोंड उघडं टाकून घोरतायत. त्यांचंही दूध चालूच आहे.