ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क : जंतू मारतं कोण?

‘ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क ८०० प्रकारचे जंतू मारतो. शंभर टक्के नैसर्गिक, प्रिझर्वेटिव्ह नाही. पाण्यात थेंब टाकून प्या, सरबतात घाला, टिकतं. अपाय नाही.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. (ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, मोसंबीच्या वर्गातलं फळ.) यातलं एकेक विधान तपासू.

जंतू मरतात, हे खरंच. पण कशाने? जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या संशोधकांनी १९९९ साली बाजारातले सहा अर्क तपासले. पाचांनी जंतू मारले आणि त्या पाचही अर्कांत बेन्झेथोनियम क्लोराइड निघालं. हे कारखान्यात बनणारं जंतुनाशक त्वचेच्या अँटिसेप्टिकमध्ये वापरतात. तिघांत तर ट्रायक्लोसान हे जंतुनाशक आणि मिथाइल पॅराबेन हे प्रिझर्वेटिव्हही होतं. सहाव्यात यातलं काहीच नव्हतं आणि त्याने एकही जंतू मारला नाही. संशोधकांनी स्वतः बिया आणि गर घेऊन काढलेला अर्कही तसाच निष्प्रभ ठरला. माझ्या मते वाद इथेच मिटतो.

‘प्रिझर्वेटिव्ह नाही’ म्हणावं, तर अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांना २००१ साली एका द्रव अर्कात बेन्झेथोनियम क्लोराइड सुमारे ८ टक्के सापडलं. चुकून मिसळलं म्हणण्याइतकं हे प्रमाण थोडं नाही.

यावर उत्पादकांचा बचाव असा, की बियांतल्या पॉलिफेनॉल या नैसर्गिक संयुगांवर अमोनियम क्लोराइड या क्षाराची प्रक्रिया केली की असलं संयुग आपोआप तयार होतं. पण बेन्झेथोनियमच्या रेणूचा कार्बनी सांगाडा पॉलिफेनॉलमध्ये मुळात नसतोच. आणि प्रक्रियेतून काही बनलंच, तरी अनेक पदार्थांची खिचडी मिळेल, नेमका कारखान्यातला रेणू नव्हे. शिवाय तसं घडवलेलं रसायन ‘नैसर्गिक’ कसं?

फळांच्या बिया निरुपयोगी असतात, असं मी म्हणत नाही. आंब्याच्या कोयीतली टॅनिनं (तुरट चवीची संयुगं) प्रयोगशाळेत काही जंतूंची वाढ रोखतात. पण टॅनिन प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे दुधात किंवा मांसात त्याचा जोर घटतो. मात्रा वाढवली की पदार्थ तुरट होतो. थेंबभरात सगळं साफ, असं तिथे होत नाही.

‘अपाय नाही’ हे सर्वांत घातक. स्वीडनमधली २००७ साली प्रसिद्ध झालेली एक नोंद आहे : रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्या एका जोडप्याने हा अर्क घेतला. दोघांचंही रक्त गरजेपेक्षा पातळ झालं आणि नवऱ्याच्या त्वचेखाली रक्त साकळलं. त्यांच्या बाटलीतही बेन्झेथोनियम क्लोराइडच होतं. घरात कुणाला वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर हे थेंब देऊ नका आणि आधीच दिले असतील तर डॉक्टरांना आजच सांगा.