डेंग्यूचा डास, गुडघा आणि आत्याचं खोबरेल तेल

नवरात्र सरून ऑक्टोबरची काहिली सुरू झाली की आमच्या लॅबमध्ये जांभळ्या टोपणाच्या ट्यूबांची रांग लागते आणि घरच्या ग्रुपवर तोच तो मेसेज उगवतो. यंदा आत्याने पाठवला. 'एका मोठ्या डॉक्टरांचा' सल्ला असा: डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, तेव्हा गुडघ्यापासून पावलापर्यंत खोबरेल तेल चोळा, ते अँटिबायोटिक असतं. डेंग्यू गटाराच्या घाणीतून येतो. पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध घेतलं की प्लेटलेट दोन दिवसांत वाढतात. आणि ताप उतरला की सुटलात. खाली हात जोडलेले. मी डॉक्टर नाही, रक्त तपासणारी तंत्रज्ञ आहे, पण यातलं एकेक रोज काउंटरवर ऐकते.

आधी गुडघा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी घोट्याला, पोटरीला जास्त चावते, एवढा खऱ्याचा कण त्या मेसेजात आहे. पण सोफ्यावर लवंडलेल्या माणसाची मानसुद्धा तिला तेवढीच जवळ. बाराव्या मजल्याच्या गॅलरीत कुंडीखालच्या बशीत अळ्या सापडतात, त्या काय जिना चढून गेल्या? तेलाच्या थरावर डास थोडा वेळ बसत नसेलही, पण अँटिबायोटिकचा इथे संबंधच नाही. डेंग्यू विषाणूचा आजार आहे, त्याच्यावर मेडिकलमधलं खरं अँटिबायोटिकही चालत नाही. ही मादी चावते दिवसा, सकाळी आणि उन्हं कलताना सगळ्यात जास्त. त्यामुळे रात्रीच्या कॉइलपेक्षा पोरांच्या पूर्ण बाह्यांचा जास्त उपयोग.

गटाराचं म्हणणं तर उलटंच आहे. गटारात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स, वेगळ्या जातीचा डास. एडिसला आपल्यासारखंच स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. रविवारी आत्याकडे गेले तेव्हा 'आमच्याकडे रोज फिनेलने पुसतात गं' हे ऐकत ऐकतच तिचा फ्रिज पुढे ओढला. मागे, कॉम्प्रेसरच्या वरच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी. मोबाइलची बॅटरी मारली, मध्ये हाताची सावली पडली आणि स्वल्पविरामासारखे दहा-बारा जीव वळवळत तळाला गेले. आत्या गप्प. पाणी फेकून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. ट्रे घासावाच लागतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, साठलेलं पाणी ओतून भांडी घासायचा. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या वस्तीत पिंपं, रांजण भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो, तिथे झाकण किंवा कापड घट्ट बांधायचं, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. धुराची गाडी येऊन गेली की सोसायटी निश्चिंत होते, पण तो धूर उडत्या डासांपुरता. ट्रेमधल्या अळ्यांना त्याचं काही नाही.

आता पपई. डेंग्यूत प्लेटलेट साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पडतात आणि सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमाराला बहुतेकांच्या आपोआप चढू लागतात. घरचे घाबरून पानं शोधायला जातात कधी? पाचव्या दिवशी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. रसाने आकडा थोडा लवकर वर आल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण त्याने आजाराची गुंतागुंत टळते किंवा जीव वाचतो, हे सिद्ध झालेलं नाही. आधीच मळमळणाऱ्या पेशंटला तो कडूजहर रस पाजून उलट्या झाल्या, तर गेलं ते पाणीच गेलं, आणि डेंग्यूत खरं औषध तेच आहे. किवी आणि बकरीच्या दुधाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. परवडत असेल तर खा.

आणि त्या आकड्याविषयी. कधी कधी ट्यूबमधल्या रसायनामुळे प्लेटलेटच्या गुठळ्या होतात, मशीन चाळीस हजार दाखवतं आणि काचेवर स्लाइड पाहिली तर भरपूर असतात. दोन लॅबमध्ये दहा हजारांचा फरक पडला म्हणून भांडायला येऊ नये. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवण्याचा विचार साधारण दहा हजारांच्या खाली गेल्यावर होतो. पन्नास हजारांवर 'दाता पाहिजे'चे मेसेज कशाला?

सगळ्यात घातक ओळ शेवटची. डेंग्यूत धोक्याचे दिवस बहुधा ताप उतरतानाच सुरू होतात. त्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब उतरतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, धाप, गळाठलेपण किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढीच. अंगदुखीला घरात पडलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मागच्या वर्षी एक वडील मुलाचा रिपोर्ट न्यायला आले होते. ताप कालच गेला, खूश होते. 'प्लेटलेट वाढल्या ना?' अठ्ठ्याहत्तर हजार, आदल्या दिवशीपेक्षा थोड्या जास्तच. पण त्याच कागदावर वर एक ओळ असते, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के; पाणी झिरपून रक्त घट्ट झालं की हा आकडा चढतो. ती ओळ कुणी वाचत नाही. दोन दिवसांपूर्वी चाळीस होता, त्या दिवशी पन्नास. मी त्यांना बसवलं आणि डॉक्टरांना फोन लावला.