गुढी १६८९ च्या कितीतरी आधीची आहे

पाडवा जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतो: संभाजी महाराजांची हत्या झाली, दुसऱ्या दिवशी लोकांना आनंदाने गुढ्या उभारायला लावलं, तिथून हा सण सुरू झाला, काठी, पालथा तांब्या, कडुलिंब ही त्याचीच खूण. यंदा तो दादरच्या मावशीपर्यंत पोहोचला आणि ती विचारते, "मग उभारू की नको?"

तारीख खरी आहे, तेवढं मान्य. हत्या फाल्गुन अमावास्येची, ११ मार्च १६८९. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. पण सण त्या हत्येतून निघाला, हे कुठून आणलं?

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९०. चौथ्या अध्यायात आपण अवतार कशासाठी घेतो ते सांगताना श्रीकृष्ण म्हणतात, 'सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं ॥' हत्येच्या ३९९ वर्षं आधी! ओवीत पाडव्याचं नाव नाही, बरोबर. पण गुढी उभारणं म्हणजे आनंद, हे तेव्हाच्या श्रोत्याला फोड करून सांगावं लागत नव्हतं. 'टाळी वाजवावी, गुढी उभारावी' म्हणणारे चोखोबाही १६८९ च्या तीन शतकं आधीचे. आणि पाडव्याचं म्हणाल, तर शालिवाहन शकाचं वर्षच त्या दिवशी बदलतं. कर्नाटक-आंध्रात त्याच दिवशी युगादी असते. तिथे कुणाच्या हत्येचा आनंद करतात?

आता तो पालथा तांब्या. मेसेज म्हणतो, शुभकार्यात कलश कधी पालथा नसतो. पूजेतला कलश सुलटा असतो कारण त्यात पाणी असतं आणि तो तांदळावर बसतो. गुढीचा तांब्या रिकामा असतो आणि बसवायचा असतो दोन बोटं जाडीच्या वेळूच्या टोकावर. गोल बुडाचा तांब्या तिथे सुलटा ठेवून पाहा, हात काढला की खाली. पालथा घातला की काठीचं टोक आत जातं आणि तो अडकून राहतो. एवढंच आहे ते.

कडुलिंब स्मशानातून आल्यावर काही घरांत चावतात, खरं आहे. पाडव्याला मात्र तो गूळ, जिरं, हिंग, ओवा घालून वाटतात. कर्नाटकातही त्या दिवशी बेवु-बेल्ल, म्हणजे कडुलिंब आणि गूळच खातात. काठीची गुढी मुख्यतः महाराष्ट्रात आणि गोव्यात दिसते, हेही खरं. त्यावरून १६८९ सिद्ध होत नाही.

राग याचा येतो की महाराजांचं नाव घेऊन हा मेसेज त्यांच्याच रयतेला दोषी ठरवतो. आपल्या आज्या-पणज्या दरवर्षी राजाच्या हत्येचा सण करत होत्या, असं म्हणायचं आहे का यांना?

मावशी, उभार. काठी धुऊन हळदकुंकू लाव. रेशमी खण गुळगुळीत वेळूवरून घसरतो, म्हणून सुतळी पेराच्या लगेच वर आवळ. त्यावर कडुलिंबाचा डहाळा, हार, साखरेची गाठी. तांब्या शेवटी, डुगडुगला तर टोकाला फडक्याचे दोन वेढे दे. खिडकीबाहेर काठी तिरकी काढणार असशील तर ग्रिलला दोन ठिकाणी बांध, एका गाठीवर ती वाऱ्याने फिरते आणि तांब्या खालच्या मजल्यावर जातो. सूर्यास्ताच्या आत उतरव.