कूलर बंद का होता: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आपला रिव्ह्यू वाचला. व्हिडिओ गेममधली पात्रं कागद कापून-चिकटवून करायच्या आमच्या सुट्टीच्या बॅचला दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की ऐन मे महिन्यात कूलर बंद ठेवून आम्ही लेकरांना घामात बसवलं, विजेचं बिल वाचवलं, दोन तास सांगून चार तास घेतले, आणि साडेतीनशे रुपये देऊनही मुलानं केलेला कागदी पॅकमॅन घरी पोचेपर्यंत उकलला. आपल्या मुलाला उकाड्याचा त्रास झाला आणि इतक्या हौसेनं केलेली वस्तू टिकली नाही, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. तो रडला हे वाचून फार वाईट वाटलं.

पण विजेच्या बिलाचं जे लिहिलंत, त्यावर मला बोलावंच लागेल. हा रिव्ह्यू जो वाचेल त्याला वाटेल की वसमत रोडवरची ही बाई चार पैशांसाठी दुसऱ्यांच्या लेकरांचे हाल करते. सर, आमचा कूलर दोनशे वॅटच्या आतला आहे. तीन तास चालला तरी अर्धा-पाऊण युनिट होतं. तेवढ्यासाठी मी कुणाचं लेकरू घामात बसवीन का?

कूलर बंद असतो तो कागदासाठी. तोही पूर्ण वेळ नाही. पहिल्या तासात फक्त कापायचं आणि रेघा दाबायचं काम असतं, म्हणजे शाई संपलेल्या रिफिलनं घडीच्या रेघेवर पट्टी धरून दाबून ओढायचं. तेव्हा कूलर चालूच असतो, आपल्या बॅचलाही होता. फेव्हिकॉलच्या बाटल्या उघडल्या की मग तो बंद करून छताचे पंखे हळू ठेवतो, कारण पंखा जोरात लावला तर कापलेले तुकडे उडून जातात आणि कुठला नंबर कुठल्या टॅबला, म्हणजे चिकटवायच्या पट्टीला, हे शोधण्यात लेकरं रडकुंडीला येतात. मध्ये सगळ्यांना गार मठ्ठा दिला होता. हे सगळं आदल्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर लिहून पाठवलं होतं.

आता कूलरनं काय बिघडतं ते सांगते, कारण बाहेरून बघणाऱ्याला हे खरंच कळत नाही. कूलर हवा गार करतो ती ओली करून. फेव्हिकॉल पाण्यात कालवलेला असतो. त्यातलं पाणी उडून गेलं की तो धरतो. हवाच ओली असेल तर पाणी जाणार कुठे? वरून कागद ओल पितो, त्याचे तंतू फुगतात आणि दाबून घातलेली घडी आपोआप सैल पडते. आम्ही साधा झेरॉक्सचा कागद वापरत नाही, १८० जीएसएमचा जाड कागद वापरतो, तरी हे होतं. लेझर प्रिंट का नाही काढत, असंही काही जण विचारतात. लेझरची पावडर कागदावर वरवर बसलेली असते, जाड कागद दुमडला की घडीवर तडकते आणि मारिओच्या लाल टोपीवर पांढरी रेघ उमटते. म्हणून इंकजेट. आणि इंकजेटच्या शाईला पाण्याचं वावडं.

परभणीच्या ज्या कोरड्या उन्हाला आपण सगळे कंटाळतो, तेच कागदाच्या कामाला सगळ्यात चांगलं असतं. मे महिन्यात इथं चिकटवलेला जोड बघता बघता धरतो. जून-जुलैत पाऊस लागला की तोच जोड ताटकळत ठेवतो. म्हणून मी बॅचेस उन्हाळ्याच्या सुट्टीतच घेते.

सर, आपल्याला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, पण रिव्ह्यूत हे आलं नाही म्हणून सांगते. चिकटवण्याचं काम अर्ध्यावर असताना आपण स्वतः उठून कूलर सुरू केलात, पाण्याच्या मोटरसकट. मी लेकरांसमोर काही बोलले नाही, पालकांचा मान ठेवायचा म्हणून. कूलरच्या अगदी समोर एक मुलगी सॉनिक करत होती. तुषार उडाले आणि सॉनिकच्या निळ्या अंगाचा रंग त्याच्या पांढऱ्या हातमोज्यात उतरला. ती काही बोलली नाही, नुसती बोटानं पुसत राहिली आणि तो डाग आणखी पसरला. तिला मी ते पान परत छापून दिलं. तिच्या आईनं कुठं काही लिहिलं नाही.

वेळेचं म्हणाल तर दोन तास मी ठिपक्यांच्या मारिओसाठी सांगितले होते. १९८१ साली डाँकी काँग गेममध्ये मारिओ पहिल्यांदा आला, तेव्हा पडद्यावर त्याच्या वाट्याला मोजकेच ठिपके होते. तोंड आणि केस नीट दाखवायला जागा नव्हती म्हणून त्याला मिशी आणि टोपी आली. तोच मारिओ कागदावर उतरवला की सगळा चौकोनी ठोकळ्यांचा होतो, सरळ घड्या, सरळ जोड. पहिल्यांदा करणाऱ्या मुलाला तोच द्यावा, नाहीतर १९७८ च्या स्पेस इनव्हेडर्समधला परग्रहवासी. मी आपल्याला दोन्ही दाखवले होते. मुलाला पॅकमॅन हवा होता, आणि आपण म्हणालात की तो तर नुसता पिवळा गोळा आहे, सगळ्यात आधी होईल.

गोळाच सगळ्यात अवघड असतो सर. सपाट कागदाची नळी होते, शंकू होतो, पण गोल चेंडू होत नाही. त्यासाठी कलिंगडाच्या फाकीसारख्या लांबट पाकळ्या कापायच्या, प्रत्येकीला बारीक टॅब, आणि एकेक जोडत न्यायची. एक पाकळी जरा सरकली तर शेवटची बसत नाही. पॅकमॅनला तर तोंड उघडं, म्हणजे आतून दोन अर्धवर्तुळाकार पडदे वेगळे बसवायचे आणि तेच सगळा ताण धरतात. १९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानींनी पॅकमॅन केला तो पडद्यावर सपाटच होता, त्याला उभा-आडवा गोल करायची मेहनत आपली. आपल्या मुलानं ती केली. दहा-अकरा वर्षांच्या लेकराचा हात इतका स्थिर मी क्वचित पाहिला. टूथपिकच्या टोकावर फेव्हिकॉलचा जेमतेम थेंब घ्यायचा आणि टॅबवर पसरवायचा, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. शेवटच्या चार पाकळ्या घाईत आपण लावल्यात, थेट बाटलीतून. मी अर्धा तास टेबलावर राहू द्या म्हणाले, पण आपल्याला लग्नाला जायचं होतं. ओला गोळा गाडीच्या हँडलला पिशवीत अडकवून गेला. उकलला तो त्याच बाजूनं उकलला असणार.

साडेतीनशे रुपये "नुसत्या कागदाचे" असं लिहिलंत आणि नेटवर छापून कापायचे नमुने फुकट मिळतात असंही. मिळतात, जगभरचे हौशी लोक ते करून ठेवतात, आणि मी स्वतः पालकांना ते कुठून घ्यायचे ते सांगते. नमुन्याचे पैसे मी घेतच नाही. ही पात्रं ज्या कंपन्यांची आहेत त्यांची आहेत, म्हणून तयार मॉडेलही मी विकत नाही. पैसे आहेत ते जाड कागदाचे, रंगीत छपाईचे, बिघडलेलं पान परत देण्याचे आणि प्रत्येक लेकराशेजारी बसण्याचे. वर्षभर आमचं झेरॉक्सचं दुकान जेमतेम चालतं. सुट्टीच्या या बॅचेसवर पुढच्या शाळेच्या फिया भरायच्या असतात. आपला रिव्ह्यू आल्यावर पुढच्या बॅचमधली दोन नावं मागे गेली. त्या दोघींनी कारण सांगितलं नाही, पण मला कळलं.

तरी आपण जे बोललात त्यातलं घेण्यासारखं घेतेय. पुढची बॅच सकाळी साडेसातला सुरू करणार आहोत, उन्हं चढायच्या आत चिकटवायचं काम उरकावं म्हणून. कुठल्या मॉडेलला किती वेळ लागतो हे दारावर लिहून लावेन. एसी हवा कोरडी करतो, तो असता तर प्रश्नच नव्हता, पण आत्ता जमणार नाही, पुढच्या हंगामात बघू. वाळत ठेवायला वेगळं मोठं टेबलही करायचं मनात आहे.

पॅकमॅन फेकला नसेल तर मुलाला घेऊन या. सुटलेल्या पाकळ्या मोकळ्या तशाच बिस्किटाच्या डब्यात घालून आणा. त्यांना सेलोटेप लावू नका, काढताना पिवळा रंग सालीसकट निघतो. फाटल्या असतील तर त्या पाकळ्या नव्यानं छापून देईन, पैसे नाही घेणार. दुकान सकाळी दहापासून उघडं असतं. फक्त वाळेपर्यंत थांबायची तयारी ठेवून या.