एका माळभिंगरीवर किती भार टाकायचा?

हिवाळा सरत आला की उत्तर गोलार्धातल्या पक्षीनिरीक्षकांमध्ये एक मजकूर हटकून फिरतो. ‘पहिली माळभिंगरी यंदा दोन आठवडे आधी दिसली. म्हणजे स्थलांतर दोन आठवडे अलीकडे आलं. म्हणजे थंडी संपली, कारण पक्ष्यांना ऋतू आधीच कळतो. आणि पक्षी बदलत्या हवामानाशी जुळवून घेतायत, तेव्हा काळजी नको.’

माळभिंगरी दिसली, हे मान्य. फोटो स्वच्छ आहे. माझं भांडण त्यापुढच्या विधानांशी आहे.

पहिलं विधान स्थलांतराच्या तारखेचं. पहिली नोंद म्हणजे हजारो पक्ष्यांतल्या सर्वांत उतावळ्या एकाची नोंद. शर्यतीत पन्नासांऐवजी पाच हजार जण धावले, तर सरासरी वेग तोच राहूनही पहिल्याची वेळ बहुधा सुधारते. पाहणाऱ्यांचंही तसंच. पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं ई-बर्ड हे संकेतस्थळ २००२ साली सुरू झालं. पूर्वी जी नोंद कुणाच्या तरी वहीत पडून राहायची, ती आज मिनिटभरात सगळ्यांना कळते. डोळे वाढले की उतावळा पक्षी निसटण्याची शक्यता कमी होते, आणि तारीख आपोआप अलीकडे सरकते. निम्मे पक्षी कधी पोचले, हे विचारलं तर काही हाती लागेल. पण त्यासाठी पक्षी न दिसलेल्या दिवसांच्याही याद्या लागतात, आणि त्या भरायचा आपल्याला कंटाळा. (मीही रिकाम्या सकाळी वही उघडत नसे.)

शिवाय काही ‘लवकर आलेले’ पक्षी मुळात गेलेलेच नसतात. अमेरिकन रॉबिन हा वसंताचा दूत मानला जातो, पण त्यातले पुष्कळ हिवाळाभर झाडीत थव्यानं फळं खात तिथेच असतात. जमीन मऊ झाली की गांडुळांसाठी हिरवळीवर उतरतात, गाऊ लागतात, आणि लोक म्हणतात, आला!

आता ‘ऋतू आधीच कळतो’. मे १९११ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये एका माळभिंगरीच्या पायात ओळखीची कडी घातली होती. ती डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात सापडली. तिथे बसून उत्तरेतल्या बर्फाचा अंदाज पक्षी कसा बांधणार? निघण्याची वेळ ठरते ती मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून आणि शरीरातल्या घड्याळावरून. पक्षीशास्त्रज्ञ एबरहार्ड ग्विनर यांनी वटवट्या या छोट्या स्थलांतरी पक्ष्यांना वर्षानुवर्षं कृत्रिम, न बदलणाऱ्या दिवस-रात्रीत ठेवलं, तरी साधारण वर्षभराच्या अंतरानं पिंजऱ्यात त्यांची स्थलांतराची तगमग सुरू व्हायचीच. वाटेत मात्र पक्षी वारा पाहतात. दक्षिणेचा उबदार वारा मिळाला की पुढे सरकतात. म्हणजे लवकर आलेली माळभिंगरी गेल्या चार दिवसांच्या वाऱ्याबद्दल सांगते, पुढच्या महिन्याबद्दल नाही. थंडी परत आली आणि उडते किडे नाहीसे झाले, तर तीच आधी उपाशी मरते.

पक्ष्यांना काहीच आधी कळत नाही, असं मात्र नाही. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत गोल्डन-विंग्ड वॉर्बलर हे चिमुकले पक्षी मोठी वादळं येण्याच्या एक-दोन दिवस आधीच विणीची जागा सोडून निघून गेले होते. एक-दोन दिवस. अख्खा ऋतू नव्हे.

राहिलं ‘जुळवून घेतायत’. जवळच्या जवळ स्थलांतर करणारे बरेच पक्षी खरोखरच लवकर येऊ लागलेत, यात मजकूर बरोबर आहे. लांबून येणाऱ्यांचं गणित अवघड. नेदरलँड्समध्ये वसंत अलीकडे सरकला, झाडांवरच्या अळ्यांचा बहर अलीकडे आला, पण पश्चिम आफ्रिकेतून येणारे पाईड फ्लायकॅचर हे छोटे पक्षी पोचत होते पूर्वीच्याच सुमाराला. बोथ आणि फिसर या संशोधकांनी २००१ साली हे मांडलं. आल्याबरोबर घाईनं अंडी घालूनही पिल्लांची भूक आणि अळ्यांचा बहर जुळेना. जिथे अळ्या सर्वांत लवकर येऊन संपत, तिथल्या फ्लायकॅचरची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचं २००६ साली समोर आलं.